सहा पंखे, एकसष्ट पदं

"मग हे सहाच्या सहा मी मुंबईहून कशाला मागवले, बाबा?"

हेमराजने सहा खोके सतरंजीवर ओळीने मांडले होते. लग्नात रुखवताची ताटं मांडतात तसे, एकाची कड दुसऱ्याला लागून. प्रत्येक खोक्यात एक पंखा, कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचा. प्रत्येक खोक्यावर सोनेरी आकडा.

अमृतगीर बाबांनी खोक्यांवरून नजर फिरवली... आणि कोनाड्याकडे पाहिलं.

कोनाड्यात मशीन घरघरत होतं.

घरघर कशी? गिरणीत दाणे संपले आणि पट्टा रिकामाच फिरत राहिला की होते, तशी. आधी त्यात तीन पंखे होते, ते आवाज करत होते. मागच्या आठवड्यात हेमराजने ते काढून चांगले सहा बसवले, ते जास्त आवाज करू लागले. आज तो त्याहून भारी सहा घेऊन आला होता.

"हे बसवले की मुंगी चालली तरी ऐकू येईल," हेमराज म्हणाला. "माझा शब्द आहे."

"मागच्या वेळी पण तुझाच शब्द होता," दारातून ठकूबाई म्हणाली. ती मठाचा स्वयंपाक बघायची. सुपात तांदूळ पाखडत उंबऱ्यावर बसली होती. "तेव्हा पाल म्हणाला होतास. यावेळी मुंगीवर आलास."

हेमराजने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सटाण्याच्या वरच्या अंगाला टेकडीवर हा गोसाव्यांचा मठ. ऐंशी पायऱ्या, एक समाधी, एक दगडी खोली आणि मागे पाण्याचं टाकं. शिष्यांची दाटी कधीच नव्हती. अमृतगीर बाबा भगवं घ्यायच्या आधी गावोगाव कांदाचाळी बांधायचे. लाकूड, बांबू, पत्रा, आणि उन्हाळ कांदा सहा महिने टिकेल अशी चाळ. त्यांनी बांधलेल्या चाळी अजून उभ्या आहेत. माणूस कमी बोलायचा, पण बोलला की ऐकणाऱ्याला जागचं हलू देत नसे.

आता तर ते कुजबुजतच बोलत.

फाल्गुनात घसा बसला तो उठलाच नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं आणि ऑपरेशनला येता सोमवार दिला. म्हणाले, गाठ काढू, जीवाला धोका नाही. आवाजाचं मात्र आत्ताच सांगता येत नाही.

आणि इथेच सगळं अडलं होतं.

मठात एकसष्ट पदं होती. समाधीतल्या गुरूंनी रचलेली, गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात गेलेली. कागदावर एक ओळ नाही, तशी रीतच नव्हती. आज ती पदं एका माणसाला येत होती, आणि त्या माणसाचा गळा सोमवारी चिरायचा होता.

"यंत्राचा कान चालेल का, बाबा?" हेमराजने महिन्यापूर्वी विचारलं होतं.

बाबा म्हणाले होते, "कान असला तर चालेल."

मग काय, हेमराजला हत्तीचं बळ आलं. सटाण्याच्या बाजारात त्याचं दुकान. तालुक्यात कुणाचाही कॉम्प्युटर बंद पडला की तो हेमराज देवरेच्या टेबलावर यायचा, आणि हेमराज नाकावर माशी बसू देत नसे. त्याने सिनेमे कापायला वापरतात तसलं मशीन जोडलं. पुढून अखंड काच. आत निळे दिवे. काचेवर सुबक अक्षरात कोरून घेतलं: सेवेकरी, हेमराज देवरे. ऐंशी पायऱ्या ते स्वतःच्या खांद्यावर चढवलं. समाधीशेजारच्या कोनाड्यात बसवलं, कारण पदांची जागा जमिनीवर कशी असेल? वर नारळ फोडला, आणि मशीनला शाल पांघरली. मठात कुणी मोठं माणूस आलं की करतात तसा रीतसर सत्कार.

शाल अजून तशीच होती. जरीच्या काठाची, डोक्यावरून दोन्ही बाजूंना सोडलेली.

मग पहिलं पद घेतलं. चांगला मायक्रोफोन बाबांच्या ओठांपाशी. हेमराजने हेडफोन लावून ऐकलं... घर्रर्र. त्या घर्रर्रच्या खाली, खोल विहिरीत कुणी बोलावं तसे बाबा.

मोबाईलवर घेऊन पाहिलं. तर मोबाईल शहाणा. बाबांची कुजबुज म्हणजे वाऱ्याचा आवाज समजून त्याने ती पुसूनच टाकली. मशीन बाहेर ओट्यावर ठेवावं, तर मायक्रोफोनची वायर तेवढी पोचेना, आणि जोडवायर लावली की निराळीच भणभण सुरू व्हायची.

आज शुक्रवार. सकाळचे दहा वाजले असतील.

"हा आकडा कसला?" बाबांनी एका खोक्यावर बोट ठेवलं.

"आवाजाचा, बाबा. जितका कमी, तितका पंखा शांत. याचा सोळा आहे. तालुक्यात असा पंखा कुणी पाहिला नसेल."

"कुठे मोजला?"

"कंपनीत. त्यांची खास खोली असते. पंखा मोकळ्यावर टांगतात आणि..."

"मग तिकडेच जाऊन पदं म्हणू."

ठकूबाईचं सूप थांबलं. ती पदराआड हसली.

हेमराजचे कान तापले. पण बाबांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. ते पंखा खोक्यातून काढून हातात फिरवून बघत होते, चाळीचा बांबू पारखावा तसे.

"हा चालव."

हेमराजने मशीनमधून एक वायर बाहेर ओढून पंख्याला जोडली आणि मशीनचे बाकीचे पंखे घटकाभर सोडवले. पंखा बाबांच्या दोन बोटांत फिरू लागला. पाती दिसेनाशी झाली... आवाज काही नाही.

"बघा," हेमराज म्हणाला. "मी काय सांगत होतो?"

बाबांनी तोच पंखा समोरच्या लाकडी पेटीवर टेकवला. पेटी गुणगुणायला लागली. पेटीतली झांज त्या सुरात बारीक थरथरली.

बाबांनी पंखा उचलला. पेटी गप्प झाली.

मग त्यांनी तो मशीनच्या काचेला चिकटवून धरला. तोच पंखा, तीच दोन बोटं... आणि पंख्याने असा हंबरडा फोडला की टाक्यावरची पारवी उडाली.

बाबांनी पंखा हेमराजच्या हातात दिला.

"यातला सोळा कुठला?"

हेमराज पंख्याकडे बघत राहिला. तो हुशार माणूस होता, उत्तर त्याच्याजवळ होतं. ते उत्तर ओठांवर येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं चाललं होतं.

"बसवल्यावर फरक पडतो थोडा," तो म्हणाला. "म्हणून तर सहा आणले. काम सहांत वाटलं की एकेकाला हळू फिरता येतं."

"बसव."

हेमराज बसला मांडी घालून. स्क्रू काढले, जुने सहा उतरवले, नवे सहा चढवले. तीन पुढे, दोन वर, एक मागे. पाऊण तास गेला. वैशाखाचं ऊन पत्र्यावरून खोलीत झिरपत होतं. पाठीला शर्ट चिकटला, तरी हात सफाईने चालला होता. मशीन कोनाड्यात सरकवलं, शाल नीट पांघरली, बटण दाबलं.

पहिली पाच मिनिटं मठात शांतता होती.

हेमराजने ठकूबाईकडे बघितलं. ठकूबाईने तांदळाकडे बघितलं.

मग मशीन हळूहळू तापलं. पंख्यांनी आधी हुंकार दिला, मग सुस्कारा टाकला, आणि मग सहाच्या सहा जण एका दमात घरघरू लागले.

"उतरलं विमान," ठकूबाई म्हणाली.

हेमराज उठला. "पंख्यांची अजून एक जात आहे, बाबा. परदेशी. आज सांगितलं तर उद्या संध्याकाळपर्यंत नाशिकला येईल. मी स्वतः जातो घ्यायला. रविवारी सकाळी..."

"हेमराज."

"जी."

"खाली जा. शेवटच्या पायरीला हात लाव आणि पळत वर ये."

"आत्ता? या उन्हात?"

बाबांनी दाराकडे बोट केलं.

हेमराज गेला. ऐंशी पायऱ्या उतरला, दगडाला हात लावला, आणि पळत वर आला. बाजारात खुर्चीवर बसून केलेलं पोट, त्यात बाराचं ऊन. दारात आला तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती आणि छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती.

बाबा उठून त्याच्याजवळ आले. कफनीचा पदर दोनदा दुमडला... आणि हेमराजच्या नाकातोंडावर हात ठेवून घट्ट धरला.

"आता आवाज न करता श्वास घे."

हेमराजने घेतला. नाकपुड्या फेंदारल्या. कापडातून घूं घूं आवाज निघाला. त्याने अजून जोर केला, आवाज अजून मोठा झाला. डोळे बाहेर आले.

"हा तर मशीनसारखाच वाजतोय," ठकूबाई म्हणाली.

हेमराजने दोन्ही हातांनी बाबांचा हात बाजूला केला आणि भिंतीला टेकला.

"का काढलास?"

"गुदमरलो, बाबा."

"आवाज का केलास?"

"हवा... हवा मिळेना."

"पाच नाकं अजून बसवली असती तर?"

हेमराजने मशीनकडे पाहिलं.

खोलीत मशीन घरघरत होतं. अंगावर शाल, तोंडावर काच, पाठीला कोनाड्याचा दगड.

बाबा पुन्हा सतरंजीवर जाऊन बसले. माळ हातात घेतली. जणू त्यांचं त्यातलं काम संपलं.

हेमराजचा श्वास जागेवर आला.

"चाळीत कांदा कशाने सडतो?" हेमराजनेच विचारलं. आवाज खाली आला होता.

"तू कांदेवाल्याच्या घरचा. तू सांग."

"आजोबा म्हणायचे, कोंदटाने. चाळ जमिनीपासून हातभर उचलायची. खालून वारा आत शिरला पाहिजे, वरून गेला पाहिजे. आणि दोन चाळी पाठीला पाठ लावून बांधायच्या नाहीत."

"पंखे किती लावत होते?"

हेमराजला हसू आलं. त्या सकाळचं त्याचं पहिलं हसू.

तो उठला आणि आधी शाल काढली. झटकली, घडी केली, समाधीपाशी ठेवली. मशीनच्या डोक्यावरची जाळी उघडी पडली, आणि हात धरवणार नाही अशी गरम वाफ तिथून वर आली. मग त्याने मशीन कोनाड्यातून उतरवलं आणि खोलीच्या मध्ये आणलं.

"जमिनीवर?" ठकूबाई म्हणाली. "पदांची जागा ना ती?"

"पदं बाबांजवळ आहेत, मावशी," हेमराज म्हणाला. "हा डबा आहे. एखादं गोणपाट द्या."

"कशाला?"

"खाली घालायला. फरशीला थरथर जायला नको. मघाशी पेटी वाजली तशी फरशी वाजते."

ठकूबाईने कांद्याची दोन जुनी गोणपाटं आणली. हेमराजने ती चौघडी करून घातली आणि त्यावर मशीन ठेवलं.

आता उरली काच.

हेमराज तिच्यासमोर उकिडवा बसला. कडेने बोटभर फट, तेवढ्या फटीतून तीन पंखे हवा ओढत होते. दुसरी वाट नव्हती. काचेच्या जागी उघडी जाळी हवी, हे दुकानात येणाऱ्या कुणालाही त्याने एका वाक्यात सांगितलं असतं. पण या काचेवर अक्षरं होती. आतला निळा दिवा नेमका नावाच्या मागे यावा म्हणून तो दोन रात्री झटला होता.

"काच काढू का, बाबा?"

"तुझी आहे."

हेमराजने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हो नाही, नको नाही. माळेचा एक मणी पुढे गेला... अजून एक.

त्याने चार कड्या सोडवल्या आणि काच उतरवली. कुठे ठेवावी ते कळेना, म्हणून हातात धरून उभा राहिला.

"दे इकडे," ठकूबाई म्हणाली. "ओट्यावर चिवड्याचे पोहे घातलेत उन्हात. चिमण्या ठेवत नाहीत. त्यावर झाकण होईल."

ती काच घेऊन गेली. बाहेर ऊन मावत नव्हतं. पोह्यांच्या ताटावर काच बसली, आणि त्या पांढऱ्या पोह्यांवर हेमराजच्या नावाची सावली पडली.

मग हेमराज कामाला लागला, आणि यावेळी काम निराळं होतं. सहाच्या सहा सोनेरी पंखे त्याने काढले. पिशवीच्या तळाशी दोन मोठे पंखे पडले होते, तळहाताहून रुंद, साधे, दिवा नाही, नक्षी नाही. एका शाळेच्या मशीनसाठी घेतलेले, नापसंत झाले म्हणून परत आलेले. रुंद पातं हळू फिरलं तरी हवा भरपूर ढकलतं, हे त्याला काल माहीत नव्हतं असं नाही. एक पुढे लावला, आत ओढायला. एक मागे, बाहेर टाकायला. स्क्रू लावलेच नाहीत. चारी कोपऱ्यांत रबराच्या खुंट्या घातल्या, म्हणजे पंखा पत्र्याला न टेकता लोंबत राहील. आतला मेंदूवर बसणारा लहान पंखा होता तिथेच राहू दिला.

"दोनच?" ठकूबाईने विचारलं. "तापलं तर?"

"तापलं तर बंद पडेल, आणि पद मध्येच तुटेल," हेमराज म्हणाला. "म्हणून आज दिवसभर तापवून बघतो. तुटायचं तर आज तुटू दे."

त्याने बटण दाबलं. मशीनला मुद्दाम जड काम दिलं. पडद्यावर आतल्या उष्म्याचा आकडा येत होता. तो चढला... पासष्ट, अडुसष्ट, सत्तर... आणि सत्तरला येऊन बसला. मघाशी सहा पंखे असताना तोच नव्वदीला जाऊन आला होता.

हेमराजने समाधीपुढची एक उदबत्ती उचलली आणि मशीनच्या तोंडापाशी धरली. धुराची रेघ वाकली, जाळीतून आत गेली. तो मागे जाऊन बसला आणि वाट पाहू लागला. मागच्या पंख्यातून धूर बाहेर आला, सैल, पसरट, आणि दाराकडे निघून गेला.

"विडी ओढायला लागलं की," ठकूबाई म्हणाली. "निदान ठसका तरी नाही."

दुपार सरली, चहा झाला, ऊन पायऱ्यांवरून खाली गेलं. आकडा बाहत्तरच्या वर गेला नाही. हेमराजने कान मशीनला लावला तर बारीक, जुन्या झाडाखाली बसल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. हातभर मागे सरकला की तेही नाही.

त्याने मायक्रोफोन बाबांपुढे ठेवला.

"नमो नारायण," बाबा त्यात कुजबुजले.

हेमराजने हेडफोन लावून ते ऐकलं. बाबा कानाशी बसून बोलत होते. शब्द तर होतेच. शब्दाच्या आधी ओठ विलग होतात तो आवाजही होता.

हेमराजने हेडफोन उतरवले आणि बाबांच्या पायाशी डोकं ठेवलं. बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. गाडीवानाने बैलाला मारावी तशी, म्हणजे आता चल.

शनिवारी पहाटेपासून पदं सुरू झाली.

बाबा गात नव्हते, गाता येतच नव्हतं. पण कुजबुजीतही चाल होती. हेमराज डोळे मिटून हेडफोनमधून ऐकायचा. पद संपलं की फाईलला आकडा द्यायचा आणि मान हलवायचा. ठकूबाई काढा आणून ठेवायची, जाताना बांगड्या वाजू नयेत म्हणून त्या कोपरापर्यंत वर सारून घ्यायची. सहा पदांनंतर थोडी विश्रांती, पुन्हा सहा. दुपारी बाबा तासभर आडवे झाले.

शनिवारी एकतीस पदं झाली.

"पुरे का, बाबा? उद्या आहेच."

"उद्या तीस आहेत," बाबा म्हणाले.

रविवारी आवाज आणखी उतरला. काही ओळी नुसत्या वाऱ्यावर गेल्यासारख्या यायच्या. हेमराजने मायक्रोफोन बोटभर पुढे घेतला, नॉब एक खूण वर केला. मशीनने त्याला साथ दिली. कुठे घरघर नाही, कुठे हुंकार नाही. त्याच्या मनातून पंखे कधी उतरले ते त्यालाही कळलं नाही. बेचाळिसाव्या पदात त्याला एक ओळ पुढची आधीच सुचली, आणि बाबांनी तीच म्हटली. त्रेपन्नाव्यात त्याचेही ओठ हलायला लागले.

ठकूबाईने ते पाहिलं. बोलायचं टाळायला तिला फार कष्ट पडले असतील.

चार वाजता साठावं पद संपलं.

हेमराजने पाणी दिलं. बाबांनी दोन घोट घेतले, त्यातला एक गिळताना तोंड वेडंवाकडं झालं.

"एकच राहिलं, बाबा."

बाबांनी मान हलवली.

एकसष्टावं म्हणजे गादीचं पद. गुरूने ते एकदाच द्यायचं, आणि एकाच शिष्याला. ठकूबाईने चाळीस वर्षं मठाची चूल सांभाळली, पण ते तिच्याही कानावर कधी पडलं नव्हतं. ती उठली, सूप उचललं आणि आपण होऊन टाक्याकडे निघून गेली.

हेमराजने हात पुसले. हेडफोन नीट बसवले. बटण दाबलं. पडद्यावर रेघ सरकायला लागली.

बाबांनी डोळे मिटले. पाठ ताठ केली...

हेमराज वाट बघत राहिला.

रेघ सरळ जात होती. बाबांनी श्वास घेतला तेव्हा ती केसाएवढी फुगली, पुन्हा सरळ झाली. ओठ मिटलेलेच.

दम घेत असतील, हेमराजला वाटलं. त्याने हेडफोनचा नॉब एक खूण वर केला.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

आवाज गेला का? आत्ताच, एक पद उरलेलं असताना? त्याने नॉब आणखी वर केला, मग अगदी शेवटपर्यंत फिरवला.

आता हेडफोनमध्ये सगळं येत होतं. टाक्यावर थेंब पडत होता. कुठेतरी वाळवी वासा कुरतडत होती. ओट्यावर चिमणीची नखं काचेवरून घसरली. खाली रस्त्याला ट्रॅक्टर गेला, तो टेकडीला वळसा घालेपर्यंत ऐकू येत राहिला. बाबांचा श्वास येत होता, आणि त्याच्या शेजारी आणखी एक, घाईघाईचा. तो कुणाचा हे कळायला हेमराजला जरा वेळ लागला. मग तो श्वास हळूहळू खाली बसला.

त्याने पंखे शोधले. कान लावून, नीट, जातिवंत कारागिरासारखे शोधले... सापडले नाहीत.

बोट बटणावर होतं. दाबायचं त्याने तीनदा मनात आणलं. तिन्ही वेळा दाबलं नाही.

बारा मिनिटं झाली.

बाबांनी डोळे उघडले, समाधीकडे हात जोडले.

"झालं," ते कुजबुजले.

हेमराजने हेडफोन उतरवले.

"बाबा... पद आलं नाही. घसा थकला असेल. थोडा वेळ पडा, काढा घ्या, सहा वाजता पुन्हा घेऊ. उद्या सोमवार आहे, बाबा. उद्या पहाटे निघायचंय."

"आलं."

"नाही आलं. बघा ना." त्याने पडदा बाबांकडे वळवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ. "ही बघा. बारा मिनिटं. तुम्ही काही बोललाच नाहीत."

बाबांनी रेघेकडे पाहिलं. डोळे बारीक करून, पार शेवटपर्यंत... चाळीचं आढं सुतात आहे की नाही ते बघावं तसं.

मग ते हेमराजकडे वळले.

"मग बारा मिनिटं तू काय ऐकत होतास? पंखे कुणासाठी गप्प केलेस?"